तो घागरा घालून आधी घोड्यावर बसून बघा

ऐतिहासिक आणि कल्पित युद्धकथा पडद्यावर आणणारे निर्माते, दिग्दर्शक आणि वेशभूषाकार यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरची. नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला आखाड्यात नेलं आणि वस्तादांच्या पाया पडायला लावलं, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. आधी लाठी, मग फरी-गदका म्हणजे ढाल आणि काठी, मग तलवार आणि विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, आणि पुष्कळ वर्षांनी दांडपट्टा, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीची लांब, लवचीक पात्याची तलवार. गेली अकरा वर्षं मी मुलींना हे मर्दानी खेळ शिकवते. मधल्या काळात तुमच्याकडेही कामं केली. कधी नायिकेची बॉडी डबल म्हणून, म्हणजे धोक्याच्या दृश्यांत तिच्या जागी, घोडा पळवला, कधी सैन्याच्या गर्दीत उभी राहिले. त्यामुळे तुम्ही शिवता ते कपडे मी टीव्हीवर नुसते पाहिलेले नाहीत, अंगावर घालून पडले-झडले आहे.

पत्र लिहायला कारण घडलं ते यंदाच्या शिवजयंतीला. मिरवणुकीत आमच्या मुलींची प्रात्यक्षिकं होती आणि मंडळाने सगळ्यांसाठी पोशाख भाड्याने आणले होते. मुलांच्या पिशव्यांतून अंगरखे, सुरवारी, शेले निघाले, आणि फोमचं का होईना, पण छाती-पोट नीट झाकणारं चिलखत निघालं. मुलींच्या पिशव्यांतून निघाला गुडघ्याच्या वर संपणारा घागरा. त्यावर सोनेरी पत्र्याच्या पट्ट्या, एका मांडीवर कमरेपर्यंत चीर, आणि वर दोन वाट्या उठवलेली चोळीवजा छातीपट्टी. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, ताई, योद्धा राणीचा ड्रेस म्हणून सगळीकडे हाच जातो, मालिकेत असाच आहे.

आठवीतल्या एका मुलीने तो घालून बघितला. सरावाचा बोथट पट्टा हातात घेतला आणि फिरवायला लागली. दुसऱ्याच फेरीला पात्याचं टोक घागऱ्याच्या पट्टीत अडकलं आणि तिचं मनगट मुरगळलं. शेक देत बसले होते तेव्हा तिने विचारलं, "ताई, राणीसाहेबांचा पट्टा अडकत नव्हता का?"

मी तिला उत्तर दिलं. आता तुम्हालाही देते, कारण प्रश्न तुमच्यामुळे पडलेला आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कल्पित राज्याच्या कथेत सेनापती असलेल्या नायिकेची डबल होते. पोशाख असाच. कमरेला रेक्झिनचा रुंद पट्टा, त्याला रिव्हेट मारून लोंबत्या सोडलेल्या फायबरच्या पट्ट्या, वर सोनेरी रंग. खाली काही नाही. मला घोड्यावर झेप घ्यायची होती, भरधाव येऊन उतरायचं होतं आणि खाली वाकून समोरच्याच्या पायावर वार करायचा होता. खोगिरावर बसले तशी पुढची पट्टी पोटात रुतली. मागच्या पट्ट्या बुडाखाली अडकून पाठीशी उभ्या राहिल्या. बाजूच्या दोन्ही खाली घसरल्या आणि मांडी संपूर्ण उघडी पडली. तिसऱ्या टेकला फायबरच्या कडेने मांडी कापली. चार टाके पडले. मी म्हटलं, आत सुरवार घालू द्या. उत्तर आलं की मॅडमच्या लुकमध्ये सुरवार नाही, कंटिन्युइटी जाईल, म्हणजे दृश्यांचा एकमेकांशी मेळ राहणार नाही. फाइट मास्टरना माझं म्हणणं पटत होतं, पण पोशाखाचं चित्र दोन महिन्यांपूर्वी मंजूर झालेलं होतं आणि मंजूर करणाऱ्यांपैकी कुणीही सेटवर नव्हतं. माझ्यासमोर शत्रूच्या सैन्यातला जो कलाकार उभा होता त्याच्या अंगावर जाड सुरवार, मांडीवर चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापर्यंत बूट होते. दोघंही एकाच लढाईत होतो.

कपडेपटातल्या मुलांना मी दोष देत नाही. रात्र-रात्र जागून, उपाशीतापाशी ती पट्ट्या चिकटवत असतात, आणि हातात येईल ते चित्र शिवणं हेच त्यांचं काम असतं. माझं बोलणं चित्र काढणाऱ्यांशी आणि त्यावर सही करणाऱ्यांशी आहे.

घागऱ्यासारख्या चिलखताला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. चिलखताचा घागरा जगात खरोखर होऊन गेला, आणि तो पुरुषांनी घातला. रोमन सैनिकांच्या कमरेखाली चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पट्ट्या लोंबायच्या. जपानी सामुराईंच्या चिलखताला कमरेखाली दोऱ्यांनी ओवलेले सुटे तुकडे असत, पाय उचलला की त्या बाजूचा तुकडा पायाबरोबर उचलला जाई, आणि त्याच्या आत मांडीसाठी वेगळं आवरण असे. युरोपात तर चक्क पोलादाचा घेरदार घागरा होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीसाठी १५२० साली बनवलेलं तसलं चिलखत तिथल्या रॉयल आर्मरीजच्या संग्रहात आजही आहे. फ्रान्सच्या राजाच्या भेटीच्या वेळी ज्या स्पर्धा ठरल्या होत्या, त्यांतल्या पायी लढायच्या सामन्यासाठी ते होतं. पायी लढायचं असल्यामुळेच घागरा गोल ठेवता आला. घोड्यावर बसायचं असेल तेव्हा अशा घागऱ्यांना पुढून आणि मागून मोकळी जागा ठेवत. आणि हेन्रीच्या त्या घागऱ्याखाली पाय उघडे नव्हते. मांडी, गुडघा, पोटरी, सगळं पोलादात होतं.

तुमच्या चित्रात हाच घागरा येतो, पण त्याच्या खालचं सगळं काढून टाकलेलं असतं. पुरुषाच्या अंगावर तो पायांच्या चिलखतावरचा आणखी एक थर होता. बाईच्या अंगावर आला की तेवढाच उरतो. माझी पहिली तक्रार ही आहे.

दुसरी तक्रार चिरेबद्दल, आणि ती मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण इतक्या सोप्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. घोडेस्वाराच्या लांब चिलखताला चीर असते ती पुढे आणि मागे, बरोबर मध्ये. स्वार बसला की चिलखताचे दोन पदर दोन बाजूंना पडतात आणि दोन्ही मांड्या झाकतात. तुम्ही चीर बाजूला देता, मांडीवर. स्वार बसली की कापड मध्ये गोळा होतं आणि मांडी उघडी पडते. आता जमिनीवर उभ्या असलेल्या सैनिकाच्या जागी जाऊन बघा. घोड्यावरच्या माणसाचं मस्तक त्याच्या हाताला येत नाही. छातीपर्यंतही जेमतेम पोचतो. त्याच्या तलवारीच्या सरळ उंचीत काय येतं, तर मांडी. मांडीच्या आतल्या बाजूने शरीरातली एक मोठी रक्तवाहिनी जाते, ती तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जातो. वस्ताद आम्हाला पहिल्या वर्षीच सांगतात, मांडी सांभाळा. तुमच्या सेनापतीला हे कुणीच सांगितलेलं नसतं.

छातीच्या वाट्यांबद्दल थोडक्यात. चिलखताचा पत्रा बाहेर फुगीर आणि सलग ठेवतात तो वार घसरून बाहेर जावा म्हणून. दोन वाट्या उठवल्या की त्यांच्या मध्ये घळ तयार होते आणि भाल्याचं टोक घसरून येतं ते छातीच्या मधल्या हाडावर. पोट उघडं, केस मोकळे, कानात लोंबते झुमके, यांबद्दल मी वेगळं काय लिहू? आखाड्यात आम्ही मुलींना आधी वेणी घट्ट बांधायला लावतो, मगच हातात काठी देतो.

आमच्याकडे मुली काष्टा नेसून खेळतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढ्या कापडात पट्टा फिरवता येईल का, अशी शंका पाहुण्यांना येते. मग ते बघतात. कमरेशी गाठ पक्की असते, निऱ्या पायांमधून मागे जाऊन खोचलेल्या असतात, दोन्ही पाय वेगवेगळे मोकळे होतात, पदर कमरेला आवळलेला असतो. कुठेही लोंबतं टोक राहत नाही. पूर्ण खाली बसून, एक गुडघा जमिनीला टेकवून जमिनीवरचं लिंबू पट्ट्याने कापताना मांडी उघडी पडत नाही आणि कापड पात्याला लागत नाही. ज्या बायकांनी याच नेसणीत शेतात भात लावला, गड चढले, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, त्यांनी हे कापड हालचालीसाठी कधीच घडवून ठेवलं होतं. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्या शस्त्राबरोबर कोणतं कापड चालतं हे शोधायला तुम्हाला परदेशी व्हिडिओ गेमची चित्रं चाळायची गरज नाही.

लढणारी प्रत्येक बाई नऊवारीतच लढली असंही मी म्हणणार नाही. तेही खरं नाही. झाशीच्या राणीचंच घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात झाशीत होते आणि त्यांनी राणीला जवळून पाहिलं. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. झाशी पडल्यानंतर काल्पीकडच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी त्यांना भेटते, तेव्हा तिच्या अंगावर पठाणी पोशाख आहे आणि ती धुळीने माखलेली आहे. ज्या ब्राह्मणाने तिला राजवाड्याच्या थाटात पाहिलं होतं, त्याने पडत्या काळात पाहिलेलं हे रूप आहे. तो प्रसंग वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. ती धूळ आणि तो पायजमा पडद्यावर आणला तर राणी कमी सुंदर दिसेल असं तुम्हाला वाटतं का? मला तरी तिच्याइतकी देखणी बाई दुसरी आठवत नाही.

आणि चिलखत आपल्याकडे नव्हतं थोडंच. अफझलखानाच्या भेटीला महाराज अंगरख्याच्या आत चिलखत घालून गेले, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कड्यांचं बख्तर होतं. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर बांधायचे चार पत्रे होते, त्याला चारआईना म्हणत. हातावर दस्ताने होते. थरावर थर टाचलेले जाड कापडी अंगरखे होते, काहींवर पितळी खिळ्यांच्या रांगा ठोकलेल्या. बघायला हे सगळं अतिशय सुंदर आहे, कुठल्याही संग्रहालयात जाऊन बघा. याच वस्तू बाईच्या मापाने शिवल्या तर झालं. फ्रान्सची जोन ऑफ आर्क १४२९ साली लढायला निघाली तेव्हा तिच्यासाठी तूर शहरात चिलखत बनवून घेतलं, ते पुरुष घालत तसंच, संपूर्ण. पुढे १४३१ च्या खटल्यात तिने पुरुषी कपडे घातले हाही तिचा गुन्हा ठरवला गेला. एवढी किंमत मोजून एका मुलीने अंग झाकणारे कपडे घातले होते.

"पण आमची कथा कल्पित आहे," असं मला तोंडावर सांगण्यात आलेलं आहे. मान्य. राज्य कल्पित असेल, देव, राक्षस, उडते घोडेही असतील. पण तुमच्या कथेत तलवार लागली की रक्त येतं ना? नायिकेचा भाऊ छातीवर वार झेलून मरतो ना? मग तलवार सगळ्यांना सारखीच लागायला हवी. भावाला चिलखत लागतं आणि बहिणीला लागत नाही, असं ते कल्पित जग कोणत्या नियमाने चालतं, हे कथेत कुठेच सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण देतात प्रेक्षकांचं. प्रेक्षकांना हेच हवं असतं म्हणे. मी प्रेक्षकांसमोर खेळते. दसरा चौकात मुलगी काष्टा खोचून पट्टा हातात घेते तेव्हा आया कडेवरच्या पोरांना उंच धरतात. म्हातारी माणसं टोपी सावरून पुढे सरकतात. शिट्ट्या मारणारी पोरंही तिसऱ्या फेरीनंतर गप्प होतात, कारण पात्याचा आवाज ऐकायचा असतो. ही माणसं तुमचेच प्रेक्षक आहेत. त्यांना कमी लेखू नका.

आणखी एक तक्रार आहे, ती तुमच्या उद्योगाच्या आतली आहे, म्हणून कदाचित बाहेर फारशी ऐकू येत नसावी. नायिकेचा पोशाख खऱ्या चामड्याचा, कडा गुळगुळीत केलेला, आत अस्तर लावलेला असतो. डबलसाठी आणि सैन्यातल्या मुलींसाठी त्याची नक्कल फायबरमध्ये निघते. अस्तर नाही, कडा घासलेल्या नाहीत. सगळ्यात जास्त पडणं, घसरणं, घोड्यावरून उतरणं आमच्या वाट्याला, आणि सगळ्यात वाईट कपडेही आमच्याच अंगावर. एप्रिलच्या उन्हात तापलेली फायबरची पट्टी उघड्या मांडीला लागली की काय होतं ते मी सांगायला नको. मुली तक्रार करत नाहीत, कारण दुसऱ्या दिवशीचा कॉल येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते. सगळ्या करता येण्यासारख्या आहेत.

लुक टेस्टला नुसते फोटो काढू नका. तो पोशाख घालून नायिकेला आणि तिच्या डबलला पूर्ण बैठक मारायला लावा, पन्नास पावलं पळायला लावा, घोड्यावर चढून उतरायला लावा, जमिनीवर पडून उठायला लावा. जो पोशाख यात अडेल तो परत शिवायला पाठवा.

लढणाऱ्या माणसाला चित्र काढण्याच्या वेळी बोलवा. आज वस्तादांना बोलावलं जातं ते शूटिंगच्या दिवशी, पवित्रे बसवायला, तोवर कापड कापून झालेलं असतं. एक दुपार त्यांच्याबरोबर बसलात तरी पुढचे पुष्कळ टाके वाचतील, दोन्ही अर्थांनी.

एकाच सैन्यातल्या पुरुषाला आणि बाईला सारखं संरक्षण द्या. पुरुषाची मांडी झाकलेली असेल तर तिचीही झाका. पुरुषाची उघडी असेल, कथेतलं सैन्यच तसं असेल, तर माझी काही हरकत नाही.

घागरा ठेवायचाच असेल तर खुशाल ठेवा. चीर पुढे-मागे द्या, पट्ट्या सुट्या आणि दोरीवर हलत्या ठेवा, आत सुरवार किंवा काष्टा द्या.

डबल आणि ज्युनिअर आर्टिस्टच्या पोशाखाला अस्तर लावा, कडा घासा. आणि दुखतंय असं म्हणणाऱ्या मुलीचं नाव पुढच्या यादीतून कापू नका.

शेवटची मागणी इतिहासातल्या नावांबद्दल. ताराराणींचं, उमाबाई दाभाडे यांचं, राणी लक्ष्मीबाईंचं नाव घ्याल तेव्हा कपड्यांवर स्वतंत्र अभ्यास करा, आणि त्यासाठी माणूस नेमा, पैसे द्या. राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये गेले आणि तिथून १७०७ पर्यंत ताराराणींनी औरंगजेबाशी झुंज चालवली. मुलगा लहान असताना छत्रपती शाहूंच्या सेनापतिपदाचा कारभार उमाबाईंनी चालवला. या बायकांच्या अंगावर कुठल्यातरी व्हिडिओ गेममधली मांडी-उघडी राणी चढवू नका. भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते वेशभूषेसाठी, 'गांधी'साठी, १९८३ साली, आणि ते मिळवणाऱ्या भानू अथय्या आमच्या कोल्हापूरच्या. त्या चित्रपटातले कपडे वेगळे काढून मला आठवत नाहीत. माणसं आठवतात.

मनगट मुरगळलेली ती मुलगी आता बरी आहे. रोज सकाळी सायकलवरून कावळा नाक्याच्या ताराराणींच्या पुतळ्यापाशी येते आणि तिथून मैत्रिणीला घेऊन आखाड्यात पोचते. तिने घागरा परत केला, आजीचं जुनं लुगडं मागून आणलं आणि त्यातच मिरवणुकीत खेळली. पट्टा कुठेही अडकला नाही. तिच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर असं होतं: राणीसाहेबांचा पट्टा अडकत नव्हता, कारण त्यांचे कपडे त्या स्वतः ठरवत होत्या.

आमचा आखाडा पहाटे साडेपाचला उघडतो, रविवारी सुट्टी नसते. तुमच्या पुढच्या मालिकेचा पोशाख शिवण्याआधी त्याचा कच्चा नमुना घेऊन या. आमच्या मुली तो घालून खेळून दाखवतील, कुठे अडतो तिथे खडूने खूण करून देतील. त्यासाठी आम्ही पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
मर्दानी खेळ शिकवणारी एक ताई
कोल्हापूर